अंगणाखालची ऊब आणि अमेरिकेचा करकायदा

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, ईस्ट रिव्हरच्या काठावर ग्रीनपॉइंट नावाची वस्ती आहे. तिथल्या जावा स्ट्रीटवर ८३४ सदनिकांचं गृहसंकुल बांधायचं ठरलं, तेव्हा त्या जागेत ३२० बोअर घेतले गेले. प्रत्येक बोअर ४९९ फूट खोल. यातल्या एकाही बोअरमधून पाणी उपसायचं नव्हतं. त्यांत प्लास्टिकच्या नळ्या सोडल्या, नळ्यांभोवतीची पोकळी भरून घेतली आणि वर इमारती चढवल्या. हिवाळ्यात लागणारी ऊब, उन्हाळ्यातला गारवा आणि अंघोळीचं गरम पाणी या सगळ्यांची सोय त्या नळ्यांवर आहे.

पण ४९९ फूटच का? न्यूयॉर्क राज्यात त्या वेळी ५०० फुटांपेक्षा खोल बोअरला तेल, नैसर्गिक वायू आणि खाणींसाठी केलेले नियम लागू होत. परवाने, तपासण्या, खर्च, सगळं त्याच मापाचं. नुसतं पाणी फिरवणाऱ्या बंद नळीलाही तेलविहिरीचाच न्याय. म्हणून यंत्रं एक फूट आधी थांबली. २०२३ मध्ये राज्याने ही अट बदलली. जमिनीतल्या उबेवर चालणाऱ्या हीट पंपाच्या साऱ्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. यंत्र केव्हाच तयार असतं, त्याची वाट मात्र कायद्याच्या एखाद्या कलमाने अडते किंवा मोकळी होते.

आधी यंत्राबद्दल. जमिनीचा वरचा थर ऋतूप्रमाणे तापतो आणि निवतो, पण साधारण दहा मीटर खाली गेलं की ऋतूंचा परिणाम जवळजवळ संपतो. तिथलं तापमान वर्षभर स्थिर, त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. आपल्याकडच्या खोल विहिरीचं पाणी थंडीच्या पहाटे कोमट लागतं ते याच कारणाने. अमेरिकेत उथळ जमिनीचं हे तापमान प्रदेशानुसार साधारण ७ ते २४ अंश सेल्सिअस असतं. बाहेर उणे पंधरा अंश असले तरी मिनेसोटातल्या अंगणाखाली शून्याच्या बऱ्यापैकी वरची माती शाबूत असते. ही ज्वालामुखीची किंवा गरम पाण्याच्या झऱ्यांची उष्णता नव्हे. इतक्या उथळ थरात मुख्यतः सूर्याचीच ऊब साठलेली असते, म्हणून हे यंत्र बसवायला वज्रेश्वरीसारखी जागा लागत नाही. जवळपास कुठलंही अंगण चालतं.

दहा अंशांच्या मातीने खोली एकवीस अंशांवर कशी न्यायची? इथे पंप येतो. नळीतलं पाणी (थंड प्रदेशात त्यात गोठणरोधक मिसळतात) जमिनीतून थोडी उष्णता घेऊन घरात येतं. तिथे ती उष्णता एका शीतकाला मिळते आणि शीतकाची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबलेल्या वाफेचं तापमान चढतं आणि ती उष्णता घराला दिली जाते. हे सारं काम घरातल्या फ्रिजमध्ये रोज चाललेलं असतं, फक्त इथे उष्णतेची दिशा हवी तशी फिरवता येते. उन्हाळ्यात तोच पंप घरातली उष्णता जमिनीत नेऊन सोडतो. विजेचा उपयोग उष्णता तयार करण्यासाठी नाही, ती हलवण्यासाठी होतो. म्हणून विजेच्या एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता घराला मिळते. हिशेबात कुठेही लबाडी नाही. उरलेली दोन-तीन युनिटं जमिनीने दिलेली असतात.

ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये उष्णता अशी हलवता येईल हे मांडलं. १८५० च्या दशकातच ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर यांनी मिठाच्या कारखान्यासाठी असं यंत्र उभारलं. जमिनीतून उष्णता काढण्याचं पेटंट स्वित्झर्लंडमधल्या हाइनरिश झॉली यांच्या नावावर १९१२ पासून आहे. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात १९४८ साली उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कार्यालयीन इमारतीची ऊब विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपातून येत होती. म्हणजे अमेरिकेतही हे तंत्रज्ञान आपल्या स्वातंत्र्याइतकं जुनं आहे. तरीही अमेरिकेत अशी यंत्रं वर्षाला पन्नास हजारांच्या आसपासच बसत आली. त्या देशाच्या घरांच्या संख्येपुढे हा आकडा फार लहान आहे.

कारण बोअर महाग आहे. घरातलं यंत्र सुमारे चोवीस वर्षं टिकतं, जमिनीतली नळी पन्नास वर्षांहून अधिक. वीज आणि इंधन दर महिन्याला वाचतं. पण बोअरचे पैसे सगळे पहिल्या दिवशी मोजावे लागतात. हवेतून उष्णता घेणाऱ्या साध्या हीट पंपाच्या तुलनेत बसवण्याचा खर्च काही पट होतो आणि तो भरून यायला साधारण पाच ते दहा वर्षं लागतात. त्याआधी घर विकलं, तर नळी पुढच्या मालकाला उपयोगी पडते आणि खर्च आधीच्याच्या अंगावर राहतो. दोन-तीन पिढ्या टिकणारी गोष्ट एकाच पिढीने, एकाच हप्त्यात विकत घ्यावी अशी ही अपेक्षा आहे. रस्ते, धरणं, जलवाहिन्या यांच्या बाबतीत आपण ती कुणा एका कुटुंबाकडून करत नाही. जमिनीतली ही नळी त्याच जातीची आहे, आणि म्हणून सरकारने तिच्या खर्चात वाटा उचलणं हे मला दान वाटत नाही. ते सरकारचं कामच आहे.

शिवाय फायदा फक्त घरमालकाचा होत नाही. याचा उत्तम पुरावा लुइझियाना राज्यातल्या फोर्ट पोक या लष्करी तळावर मिळाला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या सैनिकी कुटुंबांच्या ४,००३ घरांत एकदम जमिनीतल्या उबेवरचे हीट पंप बसवले गेले. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. विजेचा वापर सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन दुपारची कमाल मागणी ४३ टक्क्यांनी उतरली होती. वीज कंपनीला वीजकेंद्रं आणि तारा उभाराव्या लागतात त्या सरासरी दिवसासाठी नाही, त्या वर्षातल्या सर्वांत कठीण तासासाठी. तो तास हलका झाला की शेजारच्या, पंप न बसवलेल्या घराचं बिलही आटोक्यात राहतं. ओक रिजच्याच २०२३ मधल्या अभ्यासाने हे देशभर ताणून पाहिलं. अमेरिकेतल्या सुमारे ७० टक्के इमारतींत असे पंप बसले आणि घरांच्या फटी बुजवल्या, तर २०५० पर्यंत २४,५०० मैल लांबीच्या नव्या पारेषण वाहिन्यांची गरज टळू शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आता तो करकायदा. अमेरिकेने घरगुती पंपाला मदत दिली ती प्राप्तिकरातून. आपल्याकडे २०२४ मध्ये आलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत छतावरच्या सौर संचासाठी जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान थेट बँक खात्यात जमा होतं. अमेरिकेतला मार्ग निराळा. २०२५ अखेरपर्यंत तिथे एकूण खर्चाच्या ठरावीक टक्के रक्कम भरायच्या करातूनच वजा होत असे. ८०सी सारखी ती उत्पन्नातली वजावट नव्हती, ती थेट करातली वजावट होती, त्यामुळे तिचं वजन कितीतरी जास्त. समजा पंप, बोअर आणि मजुरी मिळून ४०,००० डॉलर खर्च आला, तर ३० टक्क्यांच्या हिशेबाने १२,००० डॉलर कर माफ. बोअर मारण्याची मजुरीही खर्चात धरता येई, हे महत्त्वाचं, कारण पैसा तिथेच जातो. मात्र यंत्र 'एनर्जी स्टार' या सरकारी कार्यक्षमता-मानकात बसावं लागे आणि घरात मालक स्वतः राहत असावा लागे. दुसरं, सुट्टीचं घर चाले, पण फक्त भाड्याने दिलेलं चालत नसे. त्या वर्षी तेवढा कर लागतच नसेल, तर उरलेली सवलत पुढच्या वर्षी नेता येई. रोख हातात मिळत नसे.

यातला दोष उघड होता. ज्याच्यावर मुळात कर कमी, त्याला सवलतही हळूहळू मिळे. तुटपुंज्या उत्पन्नाच्या वृद्ध जोडप्याला बिलातली बचत सर्वांत जास्त हवी असते आणि हाच दरवाजा त्यांना सर्वांत अरुंद पडे. जर्मनीने हे वेगळ्या रीतीने सोडवलं. २०२४ पासून तिथे जुनी तापनव्यवस्था काढून हीट पंप बसवणाऱ्या घरमालकाला खर्चाच्या ३० टक्के मूळ अनुदान आहे. जुनं यंत्र लवकर बदललं तर २० टक्के अधिक, कुटुंबाचं करपात्र उत्पन्न वर्षाला ४०,००० युरोंपर्यंत असेल तर आणखी ३० टक्के, आणि उष्णता जमिनीतून किंवा पाण्यातून घेतली तर वर ५ टक्के. सगळं मिळून ७० टक्क्यांची मर्यादा. कमी मिळकतीच्या माणसाला जास्त हात, हे तत्त्व या रचनेत आहे आणि ते मला फार पटतं. ब्रिटनने आणखी सोपं केलं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथे पात्र घराला ७,५०० पौंडांची सरळ रक्कम मिळते. स्वीडनने मदतीबरोबर दुसऱ्या बाजूनेही जोर लावला. १९९१ मध्ये कार्बनवर कर बसवला आणि तो वर्षानुवर्षं वाढवत नेला, त्यामुळे तेलाची शेगडी चालवणं हळूहळू परवडेनासं झालं. आज त्या देशातल्या निम्म्याहून अधिक स्वतंत्र घरांत कुठल्या ना कुठल्या प्रकारचा हीट पंप आहे.

अमेरिकेत सवलतीचा जन्मच अवचित झाला. २००८ च्या सप्टेंबरात बँका कोसळत होत्या. त्या वाचवण्यासाठी संसदेने घाईने जो मोठा कायदा केला आणि ज्यावर ३ ऑक्टोबर २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांची सही झाली, त्याच कायद्याच्या एका भागात ऊर्जेच्या करसवलती जोडलेल्या होत्या. सौर संचांना लागू असलेलं कलम त्यात जमिनीतल्या उबेवरच्या हीट पंपांनाही लागू झालं. सवलत खर्चाच्या ३० टक्के, पण कमाल २,००० डॉलर. बुश यांच्या टेक्सासमधल्या क्रॉफर्डच्या शेतघरात असाच पंप अनेक वर्षांपासून चालू होता, हे इथे नोंदवायला हवं. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये, बराक ओबामांच्या काळात, मंदीतून सावरण्याच्या कायद्याने २,००० डॉलरची मर्यादा उठवली. पूर्ण ३० टक्के मिळू लागले आणि या धंद्याला पहिल्यांदा बळ आलं.

मग डिसेंबर २०१५ उजाडला. संसदेने सौर ऊर्जेची करसवलत पुढे वाढवली, पण त्याच कलमातले हीट पंप, छोट्या पवनचक्क्या आणि इंधनघट वाढीव मुदतीतून सुटून गेले. ३१ डिसेंबर २०१६ रोजी हीट पंपांची सवलत संपली. छतावरच्या शेजाऱ्याला मदत चालू, अंगणातल्याला बंद. संपूर्ण २०१७ हे वर्ष असं गेलं. ९ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पी कायद्याने सवलत परत आणली आणि ती १ जानेवारी २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. ज्यांनी त्या वर्षात धीराने पंप बसवला होता, त्यांना पैसे मिळाले. पण ज्यांनी किंमत ऐकून गॅसची भट्टीच पुन्हा घेतली, त्यांच्यासाठी पूर्वलक्षी तारखेचा काही उपयोग नव्हता. ती भट्टी पुढची पंधरा-वीस वर्षं जळत राहणार. बोअर मारणाऱ्या यंत्राचे हप्ते भरणाऱ्या छोट्या ठेकेदाराचंही तसंच. या धंद्यात शिकलेली माणसं आणि यंत्रं एकदा दुसऱ्या कामाला लागली की एका सहीने परत येत नाहीत. सवलत किती टक्के आहे यापेक्षा ती किती वर्षं टिकणार आहे, याला मी जास्त महत्त्व देईन.

२०२० मध्ये दर २६ टक्क्यांवर आला, पुढे २२ टक्क्यांवर उतरण्याच्या बेतात होता. ते होण्याआधी १६ ऑगस्ट २०२२ रोजी जो बायडेन यांनी महागाई कमी करण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. घरांसाठी पुन्हा ३० टक्के, तेही २०३२ पर्यंत, मग उतरत्या दराने २०३४ पर्यंत. बारा वर्षांची शाश्वती या धंद्याला पूर्वी कधीच मिळाली नव्हती.

व्यवसायांसाठीचं कलम वेगळं आहे आणि २००८ मध्ये त्याचा दर फक्त १० टक्के होता. २०२२ च्या कायद्याने तोही ३० टक्क्यांपर्यंत नेला. मोठ्या प्रकल्पांना पूर्ण दर हवा असेल, तर कामगारांना त्या भागातली रूढ मजुरी द्यावी लागते आणि शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. अमेरिकी बनावटीचा माल वापरला किंवा प्रकल्प कोळसा-तेलावर जगलेल्या भागात असला, तर दर आणखी वाढतो. सर्वांत दूरदृष्टीची तरतूद मात्र दुसरीच. शाळा, नगरपालिका, चर्च, धर्मादाय रुग्णालयं कर भरतच नाहीत, त्यामुळे करसवलत त्यांच्यासाठी आजवर कागदावरच होती. आता त्यांना तेवढी रक्कम सरकारकडून थेट मिळू शकते. हे फार योग्य झालं, कारण या यंत्राचा खरा भार अशाच संस्थांनी वाहिला आहे. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलने २०१७ मध्ये दहा विहिरींची व्यवस्था सुरू केली, काही २,२०० फुटांपर्यंत खोल. इंडियानातल्या मन्सी गावी बॉल स्टेट विद्यापीठाने कोळशाचे चार बॉयलर बंद करून सुमारे ३,६०० बोअरवर ४७ इमारती चालवल्या. त्याला मंदीतून सावरण्याच्या कायद्यातून ५० लाख डॉलरचं केंद्रीय अनुदान मिळालं होतं, बाकीचा बराच पैसा राज्याचा. या दोन्ही संस्थांनी काम केलं तेव्हा थेट रकमेची तरतूद अस्तित्वात नव्हती.

राज्यांचं औदार्य याच्या वरचं. न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये स्वतःच्या प्राप्तिकरात २५ टक्के सवलत दिली, तेव्हा कमाल ५,००० डॉलर. ग्रामीण भागातल्या शेतकऱ्यांना आणि छोट्या दुकानदारांना केंद्रीय कृषी खात्याच्या ग्रामीण ऊर्जा योजनेतून अनुदान मिळत आलं आहे. मॅसॅच्युसेट्सने तर वैयक्तिक घर हा हिशेबच बाजूला ठेवला. तिथल्या फ्रेमिंगहॅम गावात गॅस पुरवणाऱ्या कंपनीने, राज्याच्या नियामकाच्या परवानगीने, रस्त्याखालून सुमारे मैलभर लांबीची पाण्याची नळी फिरवली आणि ३६ इमारती तिला जोडल्या. जून २०२४ मध्ये ती सुरू झाली. गॅस कंपनीने उभारलेलं आणि चालवलेलं असं जाळं अमेरिकेत पहिलंच. बोअरचा खर्च कुणा एका घराचा उरला नाही. गॅसच्या वाहिनीप्रमाणे तो साऱ्या ग्राहकांत विभागला गेला. घराघराच्या गरजाही एकमेकींना पुरवतात: दुकानाच्या शीतकपाटांतून बाहेर पडलेली उष्णता त्याच नळीतून शेजारच्या घराला मिळू शकते.  

बारा वर्षांची शाश्वती तीन वर्षंही टिकली नाही. ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्या सहीने आलेल्या कायद्याने घरमालकाची सवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपवली. पैसे भरलेत एवढं पुरेसं नव्हतं, बसवणूक त्या तारखेआधी पूर्ण झालेली असायला हवी होती. बोअर मारणाऱ्यांच्या वेळापत्रकात जागा न मिळालेल्या कुटुंबांची सवलत हातची गेली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. मुदत २०३४ ची दिली होती, आणि तिच्या भरवशावर लोकांनी यंत्रं घेतली, मुलांना काम शिकवलं.

याच कायद्यात एक दार मात्र उघडं राहिलं. व्यवसायांसाठीचं कलम हीट पंपांच्या बाबतीत कायम ठेवलं गेलं. २०३२ अखेरपर्यंत काम सुरू करणाऱ्याला दर तोच, त्यानंतर २०३३ आणि २०३४ मध्ये उतरता. शिवाय भाडेपट्ट्याची एक जुनी अडचण दूर केली. कुणाच्या अंगणात पुरलेली नळी दुसऱ्या कुणाच्या कामाची नसते, म्हणून ती भाड्याने दिलेली मालमत्ता मानायची की नाही, हा प्रश्न करखात्यापुढे होता. आता तो अडसर नाही. एखादी कंपनी नळी आणि पंप स्वतःच्या मालकीचे ठेवून घराला भाड्याने देऊ शकते, व्यवसायाची सवलत घेऊ शकते आणि तिचा काही भाग भाडं कमी करून घरमालकापर्यंत पोहोचवू शकते. घर बांधणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हे विशेष सोयीचं, कारण नवी वसाहत उभी राहताना यंत्र एकदाच आणलं की बोअर ओळीने घेता येतात. कोलोरॅडो राज्यात लेनार या बांधकाम कंपनीने डँडेलायन एनर्जी या हीट पंप बसवणाऱ्या कंपनीबरोबर १,५०० हून अधिक नव्या घरांत असे पंप बसवण्याचं २०२५ मध्येच जाहीर केलं होतं. तिथे राज्याच्या स्वतःच्या करसवलतीही आहेत. जुन्या घरात राहणाऱ्या, एकच बोअर हव्या असलेल्या कुटुंबासाठी भाड्याची ही वाट किती रुंद होते, ते अशा कंपन्या किती गावांत पोहोचतात यावर अवलंबून आहे.